भोंगा नसलेली गिरणी

मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत मी दीड वर्ष काम केलंय हे कळलं की समोरचा माणूस हटकून एकच प्रश्न विचारतो, "म्हणजे गेम खेळायचा पगार मिळायचा?" आतेभावाच्या मुलापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. मी आपला "हो" म्हणतो आणि विषय संपवतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. आणि गंमत म्हणजे ते १८८४ सालापासून सुरू होतं, तेही आमच्या परळमधूनच. तेव्हा आज जरा ऐसपैस बसून लिहितो. घरच्या मंडळींना यातला तात्यांचा (म्हणजे आजोबांचा) भाग माहीत आहे, बाकीचा नसेल. ब्लॉगवाल्या दोस्तांचं बरोबर उलटं.

आधी माझी नोकरी. साल २००६. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात ऑफिस. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती काही जगावेगळी नव्हती. तेव्हा मुंबईत मोबाईल गेमचं वारं जोरात होतं. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली इंडियागेम्स तोपर्यंत चीनच्या टॉम ऑनलाइनने घेतली होती (पुढे ती यूटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली). अनिल अंबानींच्या समूहाने २००६ मध्येच झपाक काढलं. आयफोन अजून यायचा होता. गेम म्हणजे नोकियाच्या फोनवर जावामध्ये चालणारा, ऑपरेटरकडून पैसे देऊन उतरवायचा इवलासा कार्यक्रम. सुरुवातीच्या सिरीज फॉर्टी फोनवर तर अख्खा गेम, चित्रं आणि आवाजासकट, ६४ केबीत बसवावा लागायचा. आज आपण गुड मॉर्निंगचा जो फुलांचा फोटो पाठवतो ना, तोसुद्धा त्याहून मोठा असतो :)

मी टेस्टर होतो. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा. कुणाचा १२८ बाय १२८, कुणाचा १७६ बाय २०८. बटणांची जागा वेगळी, मेमरी वेगळी. त्यामुळे एक गेम बनवला की तो शेकडो हँडसेटवर बसवायचा (त्याला पोर्टिंग म्हणायचे) आणि प्रत्येक हँडसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचा. खेळायचा म्हणजे काय, तर भिंतीला मुद्दाम धडकत राहायचं. उडी मारतानाच फोन लावायला सांगायचं, कॉल आल्यावर गेम थांबतो का बघायचं. एसएमएस आला तर? बॅटरी काढली तर? दोन बटणं एकदम दाबली तर? मग हे सगळं एक्सेलमध्ये लिहायचं: कुठल्या फोनवर, कितव्या लेव्हलला, काय केल्यावर, किती वेळा. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर नवा बिल्ड द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एका क्रिकेटच्या गेममधला तोच तो षटकार मी इतक्या वेळा मारलाय की आजही झोपेत मारीन. अंगठे दुखायचे ते वेगळंच.

खोटं कशाला बोलू, मजाही होती. सगळे पंचविशीच्या आतले. एसी, फुकट चहा, कॅरम. आणि एकदा चिंचपोकळीला चढलेल्या एका मुलाच्या फोनवर 'आमचा' गेम दिसला तेव्हा भायखळा येईपर्यंत मी त्याच्या खांद्यावरून बघत उभा होतो. हा आनंद खरा होता. पुढचं सगळं त्या आनंदाच्याच आधाराने चालायचं, हे मात्र नंतर लक्षात आलं.

गेम ऑपरेटरकडे द्यायची तारीख जवळ आली की 'क्रंच' सुरू व्हायचा. शब्द परदेशी, गोष्ट जुनीच. दोन-तीन आठवडे घरी जायची वेळ ठरलेली नाही. शेवटची लोकल गेली की ऑफिसातच आडवं व्हायचं. पिझ्झा कंपनीचा, ओव्हरटाईम शून्य. कुणी सक्ती करायचं नाही हां! फक्त सगळे थांबलेले असताना उठून जाणाऱ्याकडे सगळे बघायचे.

तात्या तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेले. रत्नागिरीकडून आलेले, साच्यांवर आयुष्य गेलं. मी सकाळी सहाला घरी उगवलो की ते गॅलरीत बसलेले असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तिसरी पाळी करून आलास काय रे?"

"नाही तात्या, सकाळी दहाला गेलो होतो तोच आलो."

"ओव्हरटाईम डबल देतात?"

"ओव्हरटाईम नसतो आमच्यात."

"मग थांबतोस कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काम आवडतं, टीम आहे, तारीख आहे, असं काहीतरी पुटपुटलो. तात्यांना ते कळलं नाही, आणि मला तात्यांचं न कळणं कळलं नाही. नंतर परळच्या इतिहासाची पुस्तकं चाळायला लागलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

तर १८८४. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. त्या वर्षी सप्टेंबरात त्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली. जवळजवळ साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या बघा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. बस्स! पहिल्या तीन मागण्या तर सरळसरळ घड्याळाच्याच. पगारवाढीचा शब्दही यात नाही, हे मला पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटलं होतं.

सुट्टी मिळायला आणखी सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायका व्यासपीठावरून बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंड्यांच्या नावाने २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं, ते मी घेऊन ठेवलंय. आपण रविवारी उशिरा उठून पोहे खातो त्यामागे हे सगळं आहे.

पण दिवसाचे तास? पुरुषांसाठी त्याला कायद्याची मर्यादाच नव्हती. जुन्या गिरण्या सूर्याच्या घड्याळावर चालायच्या. उजाडलं की सुरू, अंधार पडला की बंद. म्हणजे सूर्यास्तापर्यंतच काम ही लोखंड्यांची मागणी त्या वेळी निसर्गाच्या बाजूची होती. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि निसर्गाने घातलेली मर्यादा गेली. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या गिरण्या चौदा-पंधरा तासांपर्यंत चालायला लागल्या, कामगार चिडले, दगडफेकीपर्यंत गोष्ट गेली. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ ला ती अकरा झाली, १९३४ ला दहा, १९४६ ला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. बारावरून नवावर यायला पस्तीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात १९२८ सारखे सहा-सहा महिन्यांचे संप झाले.

तात्या गिरणीत लागले ते या सगळ्यानंतर. त्यांच्या वेळी भोंगा व्हायचा आणि भोंग्याला दोन अर्थ होते. एक, कामावर या. दुसरा, आता घरी जा. आम्ही लहानपणी फक्त पहिला अर्थ ऐकला होता. तात्यांना दुसरा जास्त महत्त्वाचा वाटायचा. आमच्या ऑफिसात लॅपटॉप होते, इंटरनेट होतं, रात्रभर दिवे होते. भोंगा तेवढा नव्हता.

आता दुसरी गोष्ट, बदलीची. तात्या पहिली काही वर्षं बदली कामगार होते. हा शब्द नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. मुकादमाने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. मुकादमाला दस्तुरी द्यावी लागायची, गावाकडची कोंबडी द्यावी लागायची. १९३५ मध्ये मालक संघाने बदल्यांची नोंदणी आणि कार्डं सुरू केली तेव्हा मुकादमाचा हात थोडा आखडला, पण बदली राहिलेच. वर्षानुवर्षं तेच काम, त्याच साच्यावर, पण कागदोपत्री तात्पुरते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यातली एक मागणी बदल्यांना कायम करा ही होती. लोक पगारवाढीचं आणि बोनसचं लक्षात ठेवतात, बदल्यांचं विसरतात.

आता माझं नेमणूकपत्र. ते गेम कंपनीचं नव्हतंच. मधल्या एका व्हेंडरचं होतं, तीन-तीन महिन्यांचं. माझ्या पगारातला काही भाग त्या व्हेंडरकडे राहायचा. तीन महिने झाले की वाढवायचं, पुन्हा तीन महिने. शेजारच्या खुर्चीवरचा प्रोग्रामर कंपनीचा, मी व्हेंडरचा. त्याच्या आणि माझ्या गळ्यातल्या कार्डाच्या पट्टीचा रंगसुद्धा वेगळा. दीड वर्षानंतर एक मोठा गेम बाहेर पडला आणि त्याच आठवड्यात आम्हा चौघा टेस्टरांना व्हेंडरचा फोन आला की पुढचं पत्र निघणार नाही. हे मी घरी सांगितलं तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "म्हणजे बदलीच होतास की तू." एवढंच. बाकी कुणाला समजावायला मला अर्धा तास लागला होता.

इथे जरा परळच्या बाहेर जाऊ, कारण ज्या उद्योगाची ही आमची छोटी शाखा होती त्याचं मूळ अमेरिकेत, आणि तिथेही गोष्ट हीच आहे. परळमध्ये भोंगे थांबले त्याच १९८२ सालात तिकडे अटारी कंपनीने हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला 'ई.टी.' सिनेमावर गेम करायला सांगितलं. ख्रिसमसला दुकानात हवा, म्हणून मुदत पाच आठवडे. एरवी अशा कामाला महिनेच्या महिने लागायचे. त्याने तो पाच आठवड्यांत केलासुद्धा. गेम सपशेल पडला, आणि न खपलेली काडतुसं १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरली. २०१४ ला ती खणून काढली तेव्हा बातम्या आल्या होत्या. लोक त्याला जगातला सर्वात वाईट गेम म्हणून हसतात. मला त्यात फक्त पाच आठवडे दिसतात.

आणि ब्लॉगवाल्यांनो, ही पुढची गोष्ट खास आपली. नोव्हेंबर २००४ मध्ये एका बाईने निनावी ब्लॉग लिहिला. तिचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीत होता. तिने फक्त त्याच्या कामाचे तास लिहिले. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, कधीमधी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुटका. म्हणजे आठवड्याला पंच्याऐंशी तासांच्या घरात, ओव्हरटाईम नाही. ती पोस्ट जगभर फिरली. कंपनीवर खटले झाले, त्यांत आर्टिस्ट लोकांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रामरना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन समझोते झाले. २००६ मध्ये तिने नाव जाहीर केलं, एरिन हॉफमन. ते तास मी लोखंड्यांच्या अर्जाशेजारी ठेवून बघितले. साडेसहा ते सूर्यास्त आणि नऊ ते रात्री दहा. मधली एकशेवीस वर्षं कुठे गेली कुणास ठाऊक.

नावाचीही एक कथा आहे. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या ताग्यावर गिरणीचा छाप असतो, रंगीत तिकीट असतं, विणणाऱ्याचं नाव नसतं. तात्यांनी विणलेलं कापड कुणाच्या अंगावर गेलं ते त्यांना कधीच कळलं नाही. अटारीतही तेच होतं, गेमवर बनवणाऱ्याचं नाव टाकायचं नाही असा नियम. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने 'अ‍ॅडव्हेंचर' गेममध्ये एक गुप्त खोली करून त्यात स्वतःचं नाव लपवलं, आणि कंपनीला पत्ता लागेपर्यंत गेम विकला गेलेला होता. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, श्रेय आणि वाटा मिळत नाही म्हणून अटारीचे चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. नाव छापणारी कंपनी! पण पुढे त्याच अ‍ॅक्टिव्हिजनच्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०२१ ला कंत्राटी टेस्टरांना कमी केलं, बाकीच्या टेस्टरांनी काम बंद केलं, आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी त्यांची युनियन झाली. बदल्यांची युनियन म्हणा ना. ही बातमी वाचली तेव्हा तात्या हयात नव्हते, नाहीतर पेढे आणले असते.

आमच्या गेममध्ये 'अबाउट' दाबलं की फक्त कंपनीचं नाव यायचं. ६४ केबीत जागा नाही, असं सांगायचे.

आता कुणी म्हणेल, एसीत बसून स्वतःची तुलना गिरणी कामगारांशी करतोस, लाज वाटत नाही? वाजवी प्रश्न आहे. कापसाच्या धुळीने माझी छाती भरली नाही. धोटा उडून डोळा गेला नाही. दहा बाय दहाच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे बारा जण मी फक्त ऐकले. मला काढलं तेव्हा महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली; १९८२ च्या संपानंतर हजारो घरांत पुन्हा पगार आलाच नाही, आमच्याही घरात दोन वर्षं आजीच्या खाणावळीवर भागलं. तेव्हा दुःखाची तुलना मी करत नाहीये. फरक मला दिसतो तो दुसराच. तात्यांना आपण कामगार आहोत हे माहीत होतं. त्यामुळे तास किती, ओव्हरटाईम किती, कायम कधी, हे प्रश्न त्यांच्या तोंडात होते. आम्हाला वाटायचं आपण 'क्रिएटिव्ह' आहोत, आपल्याला आवडीचं काम मिळालंय, असे प्रश्न विचारणं म्हणजे कोतेपणा. म्हणून ते कुणी विचारलेच नाहीत. आवड ही फार चांगली गोष्ट आहे, पण तिच्या नावावर आमचे किती तास गेले याची नोंद कुठल्याच मस्टरवर नाही.

आणि जागाही विसरते. फिनिक्स मिलमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोलिंग अ‍ॅली आली, मग मॉल आला. कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली. गिरण्यांच्या जागी माणसं कमी झाली नाहीत, वाढलीच, पण ती आता डोंबिवली-विरारहून येतात आणि जुन्याच पुलांवरून उतरतात. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांमधल्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आगीत १४. कामावर जाणारी माणसं आणि कामानंतर बसलेली माणसं.

हे सगळं आज लिहायला कारण झालं तासांचंच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांचे नियम बदलायला मंजुरी दिली: कारखान्यांत दिवसाला नवाऐवजी बारापर्यंत, दुकानं-ऑफिसांत नवाऐवजी दहापर्यंत. आठवड्याची मर्यादा तीच, जादा कामाला कामगाराची संमती हवी, पैसे दुप्पट, असं त्यात आहे. कदाचित कागदावर ते ठीकही असेल. पण बारा हा आकडा मी १९११ च्या कायद्यात वाचलेला आहे. आणि 'संमती' कशी घेतली जाते ते रात्री दोनच्या पिझ्झासमोर बसून बघितलेलंही आहे.

भाचा पुण्याला गेम डिझाईन शिकतोय. पुण्यात आता बऱ्याच गेम कंपन्या आहेत. २०२० चा 'राजी' तिथल्याच नॉडिंग हेड्सचा, आणि तो खेळून मला खरोखर अभिमान वाटला. तर भाच्याला पहिली नोकरी लागेल तेव्हा त्याला जा म्हणणार, मनापासून म्हणणार. फक्त पत्र कुणाच्या नावाचं आहे ते बघ, आणि घरी कधी जायचं ते पहिल्याच दिवशी विचार, एवढं सांगीन. तात्यांनी मला विचारलेला प्रश्न त्याच्याकडे असलेला बरा.

तुमच्यापैकी कुणी गेम, अ‍ॅनिमेशन, टीव्ही अशा 'आवडीच्या' धंद्यात असाल तर तुमचे तास नक्की लिहा. आणि ज्यांच्या घरी गिरणीतलं कुणी होतं त्यांनी त्यांच्या बदलीच्या दिवसांबद्दल विचारून ठेवा. सांगणारी माणसं आता फार उरली नाहीत.